स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवताना या चुका टाळा

स्वतःच्या डोमेनसाठी डीएनएस सर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, उभारणे फारसे अवघड नाही. अवघड असते ते बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखणे, कारण आपण दुरुस्त केलेले उत्तर इतरांच्या रिझॉल्व्हरच्या (वापरकर्त्यांसाठी उत्तरे शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशमध्ये जुन्याच रूपात काही काळ टिकून राहते. म्हणून तक्रार येताच ब्राउझर उघडण्याऐवजी ‘डिग’ या कमांडने आधी थेट आपल्याच सर्व्हरला विचारावे. तिथे उत्तर बरोबर येत असेल, तर झोन फाइलला, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलला, हात लावू नये.

झोन फाइलमधील मला सर्वांत छळणारी वाटणारी चूक एका टिंबाची आहे. पूर्ण नावाच्या शेवटी टिंब दिले नाही, तर सर्व्हर त्याला झोनचे नाव पुन्हा जोडतो आणि एकच डोमेन पाठोपाठ दोनदा आलेले विचित्र नाव तयार होते. वाक्यरचना निर्दोष असल्याने असा झोन विनातक्रार लोडही होऊ शकतो. बाइंड हे डीएनएस सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘नेम्ड-चेकझोन’ ही कमांड मोठ्या लिपीतील ‘डी’ (-D) पर्यायासह चालवावी. सगळी नावे विस्तारून छापली जातात आणि चूक डोळ्यांना दिसते.

दुसरी चूक एसओए नोंदीतील, म्हणजे झोनची मूलभूत माहिती देणाऱ्या नोंदीतील, सीरियल क्रमांकाची. तो वाढवला नाही, तर दुय्यम सर्व्हर (मुख्य सर्व्हरवरून झोनची प्रत घेणारा) नवा झोन उतरवून घेत नाही, आणि कधी नवे तर कधी जुने उत्तर येऊ लागते. उलट, 2025010101 ऐवजी घाईत 2052010101 लिहिले गेले, तर नंतरचा योग्य क्रमांक लहान ठरून नाकारला जातो. अशा वेळी चुकीच्या क्रमांकात 2147483647 मिळवावेत, सर्व दुय्यम सर्व्हरांनी तो घेतल्याची खात्री करावी आणि मगच हवा तो क्रमांक लिहावा. क्रमांक 32 बिटांचा असून कमाल मर्यादेनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून ही युक्ती चालते.

आयपी पत्ता बदलायचा असेल आणि टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवण्याची मुदत) 86400 सेकंद असेल, तर तो किमान एक दिवस आधी 300 वर आणावा. पत्ता बदलल्यावर टीटीएल कमी करून काहीच साधत नाही. नेमसर्व्हर आपल्याच डोमेनमध्ये असेल, तर त्याचा पत्ता, म्हणजेच ग्लू रेकॉर्ड, रजिस्ट्रारकडेही (जिथे डोमेनची नोंदणी केली तिथे) बदलावा लागतो. हे हमखास विसरले जाते.

फायरवॉलमध्ये 53 क्रमांकाचा पोर्ट केवळ यूडीपीसाठी उघडणे पुरेसे नाही; टीसीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीसाठीही तो उघडावा. मोठी उत्तरे आणि झोन ट्रान्सफर टीसीपीवरून जातात, त्यामुळे लहान नोंदी सुरळीत चालतात आणि लांबलचक टीएक्सटी (मजकुराची) नोंद मात्र अडकते. रिकर्शन, म्हणजे इतर डोमेनची उत्तरेही शोधून देण्याची सोय, सर्वांसाठी खुले ठेवू नये, अन्यथा आपला सर्व्हर इतरांवरील हल्ल्यांचे साधन बनतो.

डीएनएसएसईसी (उत्तरांवर डिजिटल सही करण्याची पद्धत) सुरू असताना ‘सर्व्हफेल’ हा बिघाडाचा संदेश आला, तर पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरला ‘डिग’च्या, सहीची तपासणी टाळणाऱ्या ‘सीडी’ पर्यायासह तोच प्रश्न विचारावा. आता उत्तर आले, तर नोंद शाबूत आहे. सहीची मुदत संपली आहे का किंवा रजिस्ट्रारकडील डीएस नोंद (सहीच्या किल्लीची ओळख देणारी) जुनी आहे का, हे तपासावे.