इंग्लंडमध्ये शिकताना भाड्याचं घर : नव्या कायद्यानुसार करार कसा तपासायचा

इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५’ लागू झाला आणि खासगी घरांतला वर्षभराच्या बांधील मुदतीचा करार मोडीत निघाला. आता भाडेकरार महिन्यामहिन्याने पुढे सरकतो. तुम्ही दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकता. घरमालकाला मात्र कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक दाखवल्याशिवाय घर परत मागता येत नाही, कारण बिनकारण घर रिकामं करून घेण्याचं ‘कलम २१’ रद्द झालं आहे. विद्यार्थ्यांसाठी यात एक मोठा अपवाद आहे. तो पुढे येईलच.

आधी घर कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. विद्यापीठाचं स्वतःचं वसतिगृह या कायद्यात येत नाही. खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खासगी इमारती सरकारमान्य आचारसंहितेच्या सदस्य असतील, तर त्यांनाही सूट आहे. तिथे जुन्यासारखाच ४४ किंवा ५१ आठवड्यांचा करार होतो आणि मध्येच निघालात तरी उरलेलं भाडं मागितलं जातं. घरमालकाच्याच घरात, त्याचं स्वयंपाकघर वापरून राहत असाल तर तुम्ही ‘लॉजर’ ठरता आणि हे संरक्षण मिळत नाही. उरलेली घरं आणि फ्लॅट, म्हणजे बहुतेक विद्यार्थी एकत्र भाड्याने घेतात ती, कायद्याच्या कक्षेत येतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत; तिथे यातलं काही गृहीत धरू नका.

पैशांचा क्रम नीट पाळा. घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं देता येतं. डिपॉझिटची मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). आठवड्याचं भाडं काढताना महिन्याच्या भाड्याला १२ ने गुणून ५२ ने भागायचं, चारने नाही. महिना ६५० पौंड असेल तर आठवड्याचे १५० होतात, म्हणून डिपॉझिट ७५० पौंडांच्या वर जाऊ शकत नाही. आगाऊ भाडं सही होण्याआधी घेताच येत नाही, आणि सहीनंतर राहायला जाईपर्यंत फक्त एका महिन्याचं मागता येतं. भारतातून जाणाऱ्यांना हा बदल सर्वांत जास्त जाणवेल. ब्रिटनमध्ये जामीनदार नसला की सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं एकदम मागण्याची पद्धत होती. ती मागणी आता बेकायदा आहे. पण जामीनदार मागणं बेकायदा नाही. त्यामुळे जामीनदाराची सोय घर शोधण्याआधीच करून ठेवा: विद्यापीठाची हमी योजना आहे का ते विचारा, नसेल तर पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपनीचा खर्च हिशेबात धरा. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली लावायला कुणी सांगितलं, तर तेही कायद्याविरुद्ध आहे.

आता करार. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. चौघांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील, तर त्यांतल्या एकाने दिलेली नोटीस चौघांचाही करार संपवते. बाकीच्यांची संमती लागत नाही. मागे राहणाऱ्यांना घरमालकाशी नवा करार करावा लागतो, आणि तो करायलाच हवा असं बंधन मालकावर नाही. शिवाय एकाने भाडं थकवलं तर ते इतरांकडून वसूल होऊ शकतं. म्हणून शक्य असेल तर खोलीगणिक स्वतंत्र करार मागा. संयुक्त करारच मिळत असेल, तर नोटीस देण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगायचं असं आपसांत लेखी ठरवून घ्या, आणि जामीनदाराच्या कागदावर ‘फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरती’ अशी मर्यादा लिहून घ्या.

सुरुवातीला उल्लेख केलेला विद्यार्थ्यांचा अपवाद म्हणजे ‘ग्राउंड ४-ए’, घर परत मागण्याच्या कायद्यातल्या कारणांपैकी एक. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना घर देण्यासाठी मालक ते परत मागू शकतो, पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच. घर ‘एचएमओ’ हवं, म्हणजे एकाच कुटुंबातले नसलेले किमान तिघे स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून वापरणारे. सगळे पूर्णवेळ विद्यार्थी हवेत. हे कारण वापरणार असल्याचं करार सुरू होण्याआधी लेखी कळवलेलं हवं. नोटीस चार महिन्यांची हवी आणि ती संपण्याची तारीख १ जून ते ३० सप्टेंबरमध्ये पडायला हवी. शिवाय राहायला जाण्याच्या सहा महिन्यांहून आधी करार झालेला असेल, तर हे कारण वापरता येत नाही. सप्टेंबरच्या घरासाठी नोव्हेंबरात सही घेण्याची घाई मालकांनाच परवडणार नाही ती यामुळे. तुम्हीही ‘घरं संपतील’ या भीतीने सही करू नका. दोघांच्या छोट्या फ्लॅटला ४-ए लागूच होत नाही.

अशी नोटीस आली तर कराराची तारीख, भाडेकरूंची संख्या आणि आधी मिळालेलं लेखी निवेदन पडताळून पाहा. एखादी अट चुकली असेल, तर विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राला किंवा घरांबाबत सल्ला देणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेला दाखवा. नोटिशीची तारीख उलटली म्हणून मालक कुलूप बदलू शकत नाही. त्याला न्यायालयाचा आदेश लागतो.

भाडं वर्षातून एकदाच, ठरावीक फॉर्मवर दोन महिने आधी कळवून वाढवता येतं. पहिल्या वर्षात वाढ नाही. वाढ अवाजवी वाटली तर ती लागू होण्याच्या तारखेआधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. मालकाने मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भाडं न्यायाधिकरण ठरवू शकत नाही, त्यामुळे अर्ज करून भाडं आणखी वाढेल ही धास्ती नको.

स्वतः निघताना नोटीस लेखी द्या आणि ती भाड्याच्या महिन्याच्या अखेरीस संपेल असं पाहा. भाडं १ तारखेला सुरू होत असेल आणि ३० जूनला निघायचं असेल, तर ३० एप्रिलपर्यंत नोटीस पोचायला हवी; चार दिवस आधीच पाठवा. ५ मेला दिलीत तर जुलैचंही भाडं पडेल.

डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाने ते डीपीएस, मायडिपॉझिट्स किंवा टीडीएस या सरकारमान्य डिपॉझिट-सुरक्षा योजनांपैकी एकीत नोंदवायचं असतं. एकतिसाव्या दिवशी तिन्हींच्या संकेतस्थळांवर स्वतः शोधा. नोंद नसेल तर न्यायालयातून डिपॉझिटच्या एक ते तीनपट भरपाई मिळू शकते. राहायला गेल्या दिवशीच भिंतींची बुरशी, गादीवरचे डाग आणि मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला ई-मेल करा. कपातीवरून वाद झाला, तर योजनेची मोफत तंटा-निवारण सेवा याच पुराव्यावर निर्णय देते.