सांधे दुखतायत? औषध विचारायच्या आधी आजाराचं नाव विचारा

सांधे दुखायला लागले की आपण काय करतो, तर दिसेल त्याला विचारत सुटतो, मग एक जण तेल सांगतो, दुसरा पट्टा, तिसरा स्वतःचीच उरलेली गोळी देतो. मी पण हेच केलं, दीड वर्ष गेलं त्यात. म्हणून आता मला कोणी विचारलं की मी आधी हेच विचारते की तुमच्या संधिवाताचं नाव काय? कारण शंभरावर प्रकार आहेत त्याचे आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालतंच असं नाही.

ढोबळ ओळख अशी. झिजेचा असेल तर जिना चढता-उतरताना दुखतं, सकाळी सांधा आखडतो पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवात, म्हणजे रुमेटॉइड, त्यात सहसा दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. गाऊटमध्ये, म्हणजे रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचतात त्यात, रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन असा ठणकतो की वरची चादरसुद्धा सहन होत नाही. पण नक्की काय ते डॉक्टरच ठरवणार, आपण फक्त त्यांना नीट माहिती द्यायची. माझ्या मावशीने आठवडाभर वहीत लिहिलं होतं, "उठले ६:३० ला, बाटलीचं झाकण उघडता आलं ८ ला", बस एवढंच रोज. डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि तिला थेट र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे, पाठवलं. नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका हं, आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो, आणि युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणजे गाऊट झालाच असंही नाही.

आमवात निघाला तर नुसत्या पेनकिलरवर दिवस काढू नका, दुखणं दबतं पण आत सांधा खराब होतच राहतो. त्याची मूळ औषधं वेगळी, बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, मधे रक्त तपासायला सांगतील ते टाळू नका. मूल हवं असेल तर हे औषध सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

झिजेला मात्र व्यायामासारखं औषध नाही. मला पटायचंच नाही, दुखतंय तर हलवायचं कशाला? पण मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळायची, पाच आकडे मोजायचे, हळू खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. थोडं दुखेल, पण दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत राहिलं तर मोजणी कमी करा, बंद नका करू. वजन जास्त असेल तर १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलो भार उतरतो. आणि काठी! मी कित्येक महिने दुखऱ्या बाजूच्याच हातात धरत होते, फिजिओने बघितलं आणि हसून दुसऱ्या हातात दिली. काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूला.

औषधात आधी वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल बघा, गुडघा आणि बोटांना चांगलं चालतं आणि पोटात कमी जातं. त्याच जातीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात अल्सर, किडनी, बीपी सगळ्याला त्रास, त्यामुळे बीपी, किडनी, हृदय यातलं काही असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण सारखं सारखं घेता येत नाही. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दल माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. आणि बिननावाची पुडी खाऊन दोन दिवसांत चमत्कार झाला तर आधी संशय घ्या, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

आखडलं असेल तर गरम शेक, सूज असेल तर बर्फ कापडात गुंडाळून. काहीही नवीन सुरू केलं तर एका वेळी एकच, नाहीतर गुण कशाचा ते कळणारच नाही.

एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि सोबत ताप असेल तर मात्र शेक, जेल, वही सगळं बाजूला ठेवा, आत जंतू शिरलेले असू शकतात आणि काही दिवसांतच सांधा निकामी होतो, त्यामुळे त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.