कोबेत मुक्काम ठेवून आसपास कसं फिरावं

जपानच्या सहलीसाठी ओसाका, क्योटो, नारा, हिमेजी अशी यादी हातात आली की जवळजवळ रोज हॉटेल बदलायचा बेत आखला जातो. तसं करू नका, निम्मी सहल बॅगा भरण्यात आणि जिन्यांवरून ओढण्यात जाते. कोबे या बंदराच्या शहरात चार-पाच रात्री एकच खोली घ्या, रोज एका दिशेला जा आणि संध्याकाळी समुद्राकाठी परत या.

१. खोली सान्नोमिया स्टेशनाजवळच घ्या. नकाशावर 'कोबे' नावाचं वेगळं स्टेशन आहे, बुलेट ट्रेन थांबते ते 'शिन-कोबे' आणखी वेगळं, आणि इथेच पुष्कळजण फसतात. जेआर, हानक्यू आणि हानशिन या तिन्ही रेल्वे सान्नोमियाला भेटतात. शिन-कोबेहून तिथे यायला मेट्रोचं एकच स्टेशन. कानसाई विमानतळावरून थेट बस आहे, तिला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

२. पोचल्यावर इकोका कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. मेट्रो, लोकल, बहुतेक बस, शिवाय कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे तेच चालतं.

३. 'शिनकाइसोकु' हा शब्द पाठ करा. ही जेआरची फास्ट लोकल. सान्नोमियाहून ओसाका साधारण २० मिनिटं, हिमेजी ४०, क्योटो ५०. फास्ट म्हणून जादा भाडं नाही; काही गाड्यांना 'ए-सीट' नावाचा राखीव डबा असतो, त्याचेच वेगळे पैसे पडतात.

४. पहिला दिवस पश्चिमेला द्या. हिमेजी स्टेशनातून बाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला पांढरा किल्ला दिसतो. चालत पंधरा-वीस मिनिटं. १६०९ साली पूर्ण झालेला मुख्य बुरूज लाकडी आहे आणि १९९३ पासून किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. आत चपला-बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात आणि वरचे जिने फार उभे आहेत, म्हणून आई-बाबा बरोबर असतील तर घाई नको. परतताना आकाशीला गाडी बदलून माइकोला उतरा, फास्ट गाडी तिथे थांबत नाही. समोर आकाशी-काइक्यो हा झुलता पूल. बांधकाम चालू असताना, १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्याचे मनोरे सरकले आणि मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, सुमारे एक मीटरने लांबला. १९९८ मध्ये पूल खुला झाला तो १९९१ मीटरच्या गाळ्यासह. समुद्रापासून ४७ मीटर उंचावर, पुलाच्या पोटातून चालता येतं. ते चुकवू नका.

५. नाराला हानशिनची थेट गाडी पकडा. ती किन्तेत्सु-नाराला सोडते, आणि हरणांची बाग जेआरच्या स्टेशनापेक्षा तिथून जवळ आहे. क्योटोसाठी सकाळी लवकर निघा. क्योटोच मुख्य हवं असेल तर मात्र तिथे दोन रात्री वेगळ्या काढाव्यात, एका दिवसात त्या शहराला न्याय मिळत नाही.

६. पाय दुखू लागले की आरिमा. डोंगरापलीकडचं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव मेट्रो आणि पुढे छोट्या रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. लोहामुळे तांबूस झालेलं पाणी 'किनसेन', म्हणजे सोनेरी झरा. पाण्यात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, आत कपडे चालत नाहीत. बायका-पुरुषांची सोय वेगळी असते.

७. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण सूपच्या पाण्यात बहुधा माशाचा अर्क असतो. कोबेत मात्र भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कितानो भागात जैन मंदिर आहे, आणि त्या बाजूला भारतीय जेवण मिळतं.

८. एक संध्याकाळ बंदरावरच्या मेरिकेन पार्कसाठी ठेवा. १९९५ च्या त्याच भूकंपात फुटलेल्या बंदराच्या धक्क्याचा तुकडा तिथे होता तसा जपला आहे: फरशा खचलेल्या, दिव्यांचे खांब तिरके, खाली पाणी. ज्या दिवशी पूल पाहाल, त्याच दिवशी इथे या.