शुक्रवारचा एटीपी: कूर्चेच्या पेशीतलं कॅल्शियम कसं मोजायचं

कोंबडीच्या गर्भाच्या पेशी बशीत वाढवून (म्हणजे कल्चर करून) त्यांची कूर्चा, म्हणजे कुर्कुरीत हाड, होताना एटीपी या रेणूने पेशीतलं कॅल्शियम कसं उसळतं, ते मोजायचा हा प्रयोग. आमच्याकडे अंडी गुरुवारी संध्याकाळी आठला इनक्युबेटरमध्ये जातात. मुहूर्त वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. साडेचार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, गर्भ हातात येतात. मग कल्चरचा तिसरा दिवस शुक्रवारी पडतो आणि सहावा सोमवारी. तिसरा दिवस रविवारी आला तर मायक्रोस्कोपच्या खोलीला कुलूप असतं. आणि या प्रयोगात जे काही घडतं ते तिसऱ्या दिवशीच.

अंडी फलितच हवीत, हॅचरीतून सांगून आणलेली. एका नव्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून ट्रे उचलून आणला होता. पाचव्या दिवशी आम्ही त्याचं ऑम्लेटही करू शकलो नाही. तापमान ३७.५ ते ३८ अंश ठेवा आणि आत पाण्याचा ट्रे असू द्या. मध्ये वीज गेली तर गर्भ मागे पडतो, म्हणून घड्याळापेक्षा गर्भावर विश्वास ठेवा. पायाचा कोंब रुंदीपेक्षा लांब झालेला, टोकाला वल्ह्यासारखा चपटा, पण बोटांची खूण अजून उमटलेली नाही: हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या १९५१च्या तक्त्यातला हा २४वा टप्पा. बोटं दिसायला लागली असली तर तो गर्भ घेऊ नका, उशीर झालाय.

पंख आणि पायांचे कोंब थंड बफरमध्ये कापा, ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने पेशी सुट्या करा, सीरम घालून ट्रिप्सिन थांबवा, नायलॉनच्या जाळीतून गाळा. इथवरचं काम कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये सापडेल. सांभाळायची आहे ती पेशींची दाटी. दर मिलिलिटरला दोन कोटी पेशी घ्या, त्यातला १० मायक्रोलिटरचा थेंब कव्हरस्लिपवर (काचेच्या पातळ चकतीवर) ठेवा, म्हणजे एका थेंबात दोन लाख. पातळ पेरलं तर पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, आणि चिकटल्याशिवाय कूर्चा होत नाही. थेंब तासा-दोन तासांत तळाला धरतो, मगच मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, ओता. तेसुद्धा भिंतीवरून, आमटीत फोडणी ओतल्यासारखं नाही.

आता रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पडद्यावरचं संदेश घेणारं प्रथिन. या पेशी स्वतःच बाहेर एटीपी सोडतात. तो शेजारणीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला लागतो आणि कॅल्शियम आत शिरतं. आत-बाहेरचा फरकच एवढा की दार किलकिलं झालं तरी पुरे: बाहेर मिलिमोलरमध्ये, आत शंभर नॅनोमोलरच्या आसपास, म्हणजे जवळपास दहा हजारपट. हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या गटाने २००९मध्ये याच कल्चरवर दाखवलं की एटीपीने कॅल्शियम उसळतं ते फक्त तिसऱ्या दिवशी, आणि बाहेर कॅल्शियम असेल तरच. एटीपी दिल्यावर कूर्चा घडवणारं सॉक्स-९ हे प्रथिन वाढलं, कूर्चेचं मॅट्रिक्सही (पेशींभोवतीचा भराव) वाढलं. गंमत म्हणजे यूटीपी या एटीपीसारख्याच रेणूनेही कॅल्शियम वर गेलं, पण मॅट्रिक्स तिथल्या तिथेच. सुरामिन या रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाला दाद न देणारा पी-टू-एक्स-फोर हा रिसेप्टर यामागे असावा, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणून गुरुवारी एटीपी घालून आलेख सपाट आला तर डाय (कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग) फेकू नका. दुसऱ्या दिवशी तो सपाटच असायला हवा, तोच तुमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना.

शुक्रवारी फ्युरा-२ एएम हा डाय पेशींत अर्धा ते पाऊण तास भरा, अंधारात. धुऊन थोडा वेळ तसंच ठेवा. ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आळीपाळीने उजेड द्या, ५१०ला वाचा, दोन्हींचं गुणोत्तर घ्या. डाय कुठे कमी-जास्त भरला असला तरी गुणोत्तरात ते बरंचसं निघून जातं. दोन मिनिटं काहीही न करता नुसती बेसलाइन घ्या, मग एटीपी द्या. तेच नंतर बिनकॅल्शियमच्या, ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलेल्या द्रावणात करा. उसळी गेली तर कॅल्शियम बाहेरून येत होतं. टिकली तर ते आतल्या साठ्यातून निघतंय, आणि मग संशय दुसऱ्या जातीच्या, पी-टू-वाय रिसेप्टरवर.

माझे पहिले दोन महिने इथेच गेले. नुसता बफर घातला तरी आलेख उसळायचा. बफर बदलला, डायची नवी बाटली उघडली, एटीपीच्या पिपेटची टिप कंट्रोलला लागली असेल म्हणून टिपाही वेगळ्या केल्या. काही फरक नाही. शेवटी सीनिअर ताई शेजारी येऊन बसल्या आणि माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "अगं, धार थेट पेशींवर सोडतेस की!" पेशींना धक्का बसला की त्या एटीपी सोडतात. मी दोन महिने माझ्याच अंगठ्याचा जोर मोजत होते. खात्री करायला एटीपी तोडणारं अपायरेज हे एन्झाइम आधी घातलं, तर बफरवरची उसळी गेली. तेव्हापासून एटीपी घालायच्या आधी त्याच वेगाने नुसता बफर देऊन बघते. रेघ सरळ राहिली तरच पुढे.

सोमवारी, सहाव्या दिवशी, सोबतच्या थेंबांना कूर्चेचं मॅट्रिक्स रंगवणारा अल्शियन ब्लू, पीएच १ ठेवून. पीएच वर गेला तर कूर्चेपलीकडचंही रंगतं आणि सगळेच थेंब देखणे दिसतात.