कॉइलला तेल पाजायच्या आधी ती नीट सुकवा

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरच्या कामात आहे. नवीन पोरं आली की पहिलं विचारतात, काका तेल कधी भरायचं? तेल शेवटी. आधी कागदातलं पाणी काढायचं, कारण कॉइलच्या तारेवर गुंडाळलेला इन्सुलेशनचा कागद, म्हणजे क्राफ्ट पेपर, हाताला कोरडा लागला तरी हवेतून त्याने वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी ओढलेलं असतं आणि आपल्याला ते ०.५ टक्क्याच्या खाली न्यायचंय.

कोअर-कॉइल (लोखंडी गाभा आणि त्यावरच्या कॉइल) जोडून झालं की सगळं ओव्हनमध्ये, १०० ते १०५ डिग्रीवर. त्याच्या वर नेऊ नका, कागद तपकिरी पडतो, ठिसूळ होतो आणि मग काहीच करता येत नाही. आतपर्यंत तापलं की मगच व्हॅक्यूम, १ मिलिबारच्या खाली. आधी व्हॅक्यूम लावलात तर आत हवाच उरत नाही, मग उष्णता कॉइलपर्यंत पोचणार कशी?

थांबायचं कधी ते घड्याळ बघून ठरवू नका. कंडेन्सर, म्हणजे ओव्हनमधून ओढलेली वाफ गार होऊन जिथे पाणी होते, त्याच्या काचेकडे बघा, आधी पाण्याची धार लागते, मग थेंब थेंब, मग तासभर बघत बसलात तरी काही नाही. मेगरपण (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) लावा, पण व्हॅक्यूम तोडूनच, कमी दाबात स्पार्क पटकन उडतो. कॉइल तापताना रीडिंग उतरते, घाबरू नका, पाणी निघायला लागलं की चढते आणि त्याच टेंपरेचरला दोन-तीन वेळा तीच आली की झालं.

बाहेर काढल्यावर क्लॅम्पिंगचे बोल्ट परत आवळा, सुकल्यावर प्रेसबोर्ड (कॉइलमधला दाबलेला जाड पुठ्ठा) आक्रसतो. आणि हे भराभर करा. एकदा ऑगस्टमध्ये पाऊस कोसळत होता, आम्ही सुकवलेली कॉइल रात्रभर उघडी ठेवली कारण टाकी यायची होती, सकाळी मेगर इतका खाली की सगळं पुन्हा ओव्हनमध्ये घालावं लागलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून टाकी तयार नसेल तर मी ओव्हन उघडूच देत नाही.

तेल फिल्टर मशीनमधून ६० डिग्रीच्या आसपास फिरवा आणि बीडीव्ही, म्हणजे तेलातून ठिणगी किती व्होल्टेजला उडते ते, २.५ मिमी गॅपला निदान ६० केव्ही आल्याशिवाय वापरू नका. मग टाकीला व्हॅक्यूम लावून तेल खालच्या व्हॉल्व्हने, सावकाश, म्हणजे ते वर चढत जातं आणि कागदाच्या थरांत हवा अडकत नाही. बुडबुडा राहिला तर विजेचा ताण तेलकट कागदापेक्षा त्याच्यावरच जास्त येतो आणि हवा तर तेलापेक्षा कमजोर, म्हणून आतल्या आत बारीक ठिणग्या पडत राहतात आणि कागद हळूहळू जळतो. कॉइल पूर्ण बुडल्यावरही व्हॅक्यूम काही तास चालू ठेवा आणि हाय व्होल्टेज टेस्टच्या आधी निदान २४ तास तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी लेव्हल थोडी उतरलेली दिसेल. गॅस्केट एकदा तपासा, गळती नसेल तर कागद अजून तेल पितोय, तेवढं टॉपअप करा, तेही फिल्टर केलेल्याच तेलाने.