जुनी मोटारसायकल नीट चालत नाही? कार्बोरेटरला पेचकस लावण्याआधी या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षे चाललेली मोटारसायकल झटके खाऊ लागली, चढावर दम टाकू लागली किंवा सिग्नलला बंद पडू लागली, की बहुतेकांचा पहिला संशय कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर जातो आणि पहिला पेचकस एअर स्क्रूला, म्हणजे त्यातली हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला लागतो. आजार ओळखण्याआधीच औषध सुरू करण्याची ही सवय जुन्या गाड्यांचे फार नुकसान करते. मूळ दोष अनेकदा दहा मिनिटांत सापडण्यासारखा असतो. परंतु त्यावर पाच-सहा ठिकाणच्या फेरबदलांचे थर चढले, की तो शोधताना अनुभवी मिस्त्रीचाही दिवस मोडतो.

हे लेखन १०० सीसीच्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्यांविषयी आहे. १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १००, १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि त्याच घराण्यातील नंतरच्या गाड्या महाराष्ट्रात गावोगावी आजही दूध, भाजी आणि शाळेची मुले वाहत आहेत. त्यांचे ९७.२ सीसीचे इंजिन इतके साधे आहे, की मालकाने थोडे लक्ष घातले तर निम्म्या तक्रारी घराच्या अंगणातच मिटतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे पुढील बऱ्याच गोष्टी त्यांना लागू होत नाहीत.

पेट्रोलच्या झाकणाखाली प्लास्टिक लावणे

आमच्या घरच्या स्प्लेंडरने एका पावसाळ्यात वडिलांना फार छळले. चिपळूणहून कराडकडे निघाले, की सात-आठ किलोमीटर गाडी छान चालायची, मग एकदम ताकद जायची, दोन-तीन झटके देऊन ती बंद पडायची आणि दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजमध्ये नवा प्लग बसला, कार्बोरेटर दोनदा उघडला गेला आणि शेवटी ‘कॉइल गरम होते आहे’ असे निदान झाले. कुंभार्ली घाटात ती पुन्हा बंद पडली तेव्हा मी बरोबर होतो. टाकीत पेट्रोल आहे ना, हे पाहण्यासाठी झाकण फिरवले आणि ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून झाकणाखाली आम्हीच दुधाच्या पिशवीचा तुकडा दाबून बसवला होता.

झाकणाला एक बारीक छिद्र असते. पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी तेवढीच हवा त्या छिद्रातून टाकीत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोलची धार हळूहळू आटते आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठण्याची छोटी वाटी) रिकामा होतो. गाडी बंद पडल्यावर प्रत्येक वेळी आम्ही पेट्रोल पाहायला झाकण उघडत होतो, त्यामुळे हवा आत जात होती आणि गाडी सुरू होत होती, पण त्याचे श्रेय मात्र आम्ही ‘इंजिन थंड झाले’ याला देत होतो. तो तुकडा काढून टाकल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही.

प्लास्टिक लावले नसले तरी धूळ, गंज किंवा गाडी धुताना गेलेला चिखल यांनी हे छिद्र बुजू शकते. तपासण्याची रीत सोपी आहे. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढावी, तिचे टोक स्वच्छ बाटलीत सोडावे आणि टाकीचे झाकण लावलेले ठेवून कॉक उघडावा. धार सुरुवातीला चांगली असून नंतर बारीक होत गेली आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात आली, तर दोष झाकणाचा आहे. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबलेली आहे. हे काम मोकळ्या हवेत करावे, आणि जवळ विडी, चूल किंवा देवासमोरचा दिवादेखील नसावा. पाणी टाकीत जाण्याची खरोखरच भीती असेल तर झाकणाचे कडक झालेले रबर बदलावे. उभ्या गाडीवर वरून कव्हर घालण्यास काही हरकत नाही.

पेट्रोलमधले पाणी विसरणे

पावसाळ्यात किंवा गाडी महिना-दोन महिने उभी राहिल्यानंतर उद्भवलेल्या मिसिंगचे (इंजिन मधूनच अडखळण्याचे) कारण पुष्कळदा पाणी असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. हे शोषण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर होऊन तो तळाशी बसतो. कॉक रिझर्व्हवर केला की टाकीच्या अगदी तळाचे पेट्रोल ओढले जाते, म्हणून ‘रिझर्व्हला गाडी अडखळते’ ही तक्रार नीट ऐकावी.

कार्बोरेटरच्या तळाशी असलेला ड्रेन स्क्रू सैल करून फ्लोट चेंबरमधील पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे व ते पाच मिनिटे स्थिर ठेवावे. खाली पाण्याचे थेंब किंवा वेगळी रेघ दिसली तर टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे लागते. कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी टाकीतले पाणी परत तेथेच येते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते, म्हणून फुगलेली, चिकट झालेली किंवा चिरा पडलेली नळी न चुकता बदलावी. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवणे उत्तम.

एअर फिल्टर धुण्यात घाई, किंवा तो काढूनच टाकणे

ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी तुंबतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले, की काळा धूर येतो, ॲव्हरेज घसरते आणि वेग वाढवताना इंजिन गुदमरल्यासारखे वाटते. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, पूर्ण सुकवून त्यावर इंजिन ऑइलचे थोडे थेंब मुरवायचे असतात. कागदी फिल्टर मात्र कधीही धुऊ नये. तो तुंबला तर बदलावा. काही जण पिकअपसाठी फिल्टर काढूनच गाडी चालवतात. तसे केल्यास रस्त्यावरची धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते आणि ती पिस्टन व रिंग घासून काढते. शंभर-दोनशे रुपयांच्या फिल्टरसाठी इंजिन उघडण्याची वेळ येऊ देऊ नये.

प्लग न वाचता बदलणे

प्लग हा इंजिनाच्या आतल्या परिस्थितीचा सर्वांत स्वस्त साक्षीदार आहे, आणि आपण तो न बघताच फेकून देतो. आठ-दहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून गाडी बंद करावी, इंजिन निवल्यावर प्लग काढावा आणि उजेडात नीट पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर जळण योग्य आहे. सुकी, काजळीसारखी काळी भुकटी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे. फिल्टर आणि अडकलेला चोक आधी पाहावेत. ओला, तेलकट काळेपणा दिसला तर इंजिन ऑइल वर येत आहे, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत. पांढरा, भाजलेला दिसणारा प्लग सर्वांत गंभीर समजावा, कारण इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे आणि ते प्रमाणापेक्षा तापते आहे.

ही जादा हवा बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून शिरते. तेथील ओ-रिंग कडक झाली किंवा बोल्ट सैल झाले, की आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) आपोआप वर-खाली होते आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच उतरत नाही. इंजिन चालू असताना त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला आणि आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे. यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

प्लग बसवताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि पान्याने तिरका दाबून बसवलेला प्लग आटे घेऊन जातो. नव्या प्लगचा गॅपही फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावा. या गाड्यांना तो सहसा ०.६ ते ०.७ मिमी असतो, तरी आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. प्लग कॅप मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आत हिरवट गंज धरलेली किंवा वायरवर सैल झालेली कॅप पावसात हमखास मिसिंग करते. कॅप फिरवून काढावी, वायरीचे खराब टोक पाच मिलिमीटर कापावे आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवावी. गाडीच्या साऱ्या दुरुस्त्यांत यापेक्षा स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही.

ठिणगी नाही म्हणून बॅटरी बदलणे

जुन्या स्प्लेंडरमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) स्वतंत्र कॉइलमधून थेट सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) मिळते, बॅटरीतून नाही. म्हणून बॅटरी पूर्ण उतरलेली असली तरी ही गाडी किकने सुरू होते, आणि मिसिंगसाठी नवी बॅटरी घेतल्याने फक्त हॉर्न व इंडिकेटर सुधारतात. ज्या मॉडेलमध्ये इग्निशन बॅटरीवर चालते तेथे गोष्ट वेगळी आहे, म्हणून खर्च करण्याआधी आपल्या गाडीची पद्धत विचारून घ्यावी.

जेटमध्ये तार घालणे आणि स्क्रू आवळणे

वरचे सर्व पाहून झाल्यावरच कार्बोरेटर. एअर स्क्रूला हात लावण्याआधी तो सध्या किती फेरे बाहेर आहे हे मोजून लिहून ठेवावे. त्यासाठी तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवावा. जोराने आवळला तर त्याचे अणकुचीदार टोक आणि त्याची बैठक दोन्ही कायमची बिघडतात. इंजिन पूर्ण गरम असताना स्क्रू थोडा थोडा फिरवून आयडलिंग सर्वांत वर आणि स्थिर कोठे होते ते शोधावे, आणि मग थ्रॉटल स्टॉप स्क्रूने ते १४०० आरपीएमच्या आसपास आणावे.

जेट म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे भाग; ते पितळेचे असतात आणि त्यांच्या छिद्राचा आकार कारखान्यात काटेकोर ठरवलेला असतो. त्यात पिनेची किंवा ब्रेक केबलची तार घातली, की छिद्र मोठे होते आणि ॲव्हरेज कायमचे जाते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब यांनी ते साफ होतात. होत नसतील तर नवा जेट घ्यावा.

टॅपेटचा आवाज पूर्णपणे घालवणे

‘आवाज येतोय, टॅपेट टाईट करा’ ही मागणी गॅरेजमध्ये रोज ऐकू येते, आणि मला या यादीत ती सर्वांत घातक वाटते. व्हॉल्व्ह (सिलेंडरची उघडझाप करणारी झडप) आणि रॉकर (तिला दाबणारा दांडा) यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट हेतुपुरस्सर ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट मुळीच उरली नाही तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी एका किकला सुरू होणारी गाडी बाजारातून निघताना गरम इंजिनावर दहा किका खात असेल, तर फट संपल्याचा संशय घ्यावा. बैठक झिजत गेली की ही फट आपोआप कमी होते, म्हणून शांत झालेले जुने इंजिन निरोगी असेलच असे नाही.

फट नेहमी थंड इंजिनावर, म्हणजे शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर मोजावी. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवावी, परंतु ती खूण इंजिनाच्या एका पूर्ण चक्रात दोनदा येते, आणि येथेच नवशिका फसतो. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलत असतील तरच ती कॉम्प्रेशनची स्थिती आहे. एखादा ताठ असेल तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. पुस्तिकेत दिलेल्या जाडीची फीलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

इंजिनाबाहेरचा दोष इंजिनात शोधणे

गाडी ओढत नाही याचे कारण कधीकधी मागच्या ब्रेकमध्ये असते. मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच थांबत असेल, किंवा थोड्या फेरफटक्यानंतर ड्रमजवळ हात नेला तर चटका जाणवत असेल, तर ब्रेक घासतो आहे. अति ताणलेली चेन आणि कमी हवा यांचाही हाच परिणाम होतो. या गाड्यांना एकट्याने जाताना पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते, आणि मागे माणूस किंवा ओझे असेल तर मागे बरीच जास्त.

इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे. प्लेटा बदलण्याआधी क्लच केबलला थोडा ढिलेपणा आहे ना ते पाहावे, आणि अलीकडे मोटारीचे ऑइल तर घातले नाही ना, हे आठवावे. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ दर्जा लिहिलेलेच ऑइल घ्यावे.

एवढे करूनही गाडीत ताकद नसेल तर किक सावकाश दाबून पाहावी. ती अडखळल्याशिवाय अलगद खाली जात असेल तर कॉम्प्रेशन गेले आहे. प्लग काढून त्या छिद्रातून चहाचा एक चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, प्लग पुन्हा बसवावा आणि किक परत दाबावी. आता ती जड लागली तर रिंग आणि सिलेंडर झिजले आहेत. काहीच फरक पडला नाही तर दोष व्हॉल्व्हचा आहे. हे काम अंगणातले नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र ‘बघा काय झालंय’ एवढेच न सांगता ही चाचणी, प्लगचा रंग आणि आपण आतापर्यंत काय काय बदलले ते क्रमाने सांगावे, आणि काढलेला जुना प्लग सोबत न्यावा.