केसांचा रंग चेहऱ्याला शोभत नाही? या चुका टाळा

लग्नसराई लागली की सांगलीत माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसून कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, मी सावळी आहे, मला काळाच कलर करावा लागेल ना?" विचारताना आवाज जो खाली जातो, त्याचं मला फार वाईट वाटतं. सावळ्या चेहऱ्याला चॉकलेटी, बर्गंडी, तांबूस ब्राऊन इतके खुलतात की बघत राहावं.

केसांचा रंग गोरं-सावळं बघून ठरवणं, हीच सगळ्यात मोठी चूक. बघायची असते ती त्वचेच्या आतली झाक. पिवळसर-सोनेरी झाक असेल तर वॉर्म, गुलाबी-निळसर असेल तर कूल. यालाच अंडरटोन म्हणतात. द्राक्षबागेत उन्हातान्हात राबून हात रापतात, पण ही झाक बदलत नाही. सख्ख्या बहिणी, दोघी गव्हाळ, तरी वॉर्म झाकेच्या एकीला सोनेरी ब्राऊन शोभतो आणि कूल झाकेच्या दुसरीला वांगी रंगाकडे झुकणारा.

झाक बघायची कशी

ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी तोंड धुऊन, पावडर-क्रीम न लावता खिडकीपाशी बसा. केस टॉवेलात गुंडाळा. हनुवटीखाली आधी पांढरंशुभ्र कापड धरा, मग मोतिया रंगाचं. मोतियानं चेहरा उजळला तर वॉर्म, शुभ्रानं उजळला तर कूल, दोन्ही सारखेच वाटले तर मधली. मनगटाच्या शिरा हिरवट की निळ्या हेही बघतात, पण सावळ्या हातावर शिरा धड दिसत नाहीत. माझा भरवसा कापडावर.

आणि हळद लागल्यावर दोन-चार दिवस तरी हा निर्णय घेऊ नका. हे मी चूक करून शिकले. तासगावकडची एक मुलगी बहिणीची हळद खेळून दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. कानामागं, भुवयांच्या कडेला पिवळेपणा तसाच होता. मला चेहरा वॉर्म वाटला आणि मी सोनेरी ब्राऊन लावला. आठवड्यानं ती परत आली तेव्हा हळद पार उतरली होती. हळदीखालचा चेहरा गुलाबी, गालावरचे मुरमांचे डाग त्या सोनेरी केसांशेजारी आणखी लाल दिसत होते. वरून राखी झाकीचा गडद ब्राऊन दिला तेव्हा चेहरा निवला. रंगाचे पैसे मी घेतले नाहीत, चूक माझी होती.

बॉक्सवरचा फोटो नको, आकडा वाचा

पहिला आकडा गडदपणाचा: १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका. टिंबानंतरचा आकडा झाकीचा. बऱ्याच कंपन्यांत .१ राखी आणि .३ सोनेरी असतो. पुढचे आकडे कंपनीगणिक बदलतात, शेड कार्ड बघून घ्या. आपले केस साधारण १ ते ३ मध्ये येतात. रंगात मिसळायचा पेरॉक्साइडचा डेव्हलपर ६ टक्क्यांचा, म्हणजे २० वॉल्यूमचा असेल तर तो ते एक-दोन पायऱ्याच उजळवतो. त्यामुळे ७ नंबरचा बॉक्स आणला तरी फोटोतल्या मुलीसारखे केस होत नाहीत, उन्हात तांबूस चमकतात एवढंच.

आधीचा डाय किंवा काळी मेंदी असेल तर तेवढंही होत नाही. कलरवर कलर लावून केस उजळत नाहीत. मग मुळं नारिंगी आणि खाली काळंच, असं दुरंगी डोकं होतं. काही तयार मेंद्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच लावलं तर केस तापतात, धूरही निघतो. पार्लरमध्ये मेंदीचं लपवू नका. आतली एक बट कापून तिच्यावर आधी करून बघायला सांगा.

पांढऱ्या केसांवर नुसता लाल लावला की तो भडक बसतो. त्याच नंबरचा साधा नॅचरल शेड निम्मा मिसळा.

पॅच टेस्ट तर कधीच टाळू नका. कानामागं थोडा रंग लावून ४८ तास थांबायचं. खाज किंवा सूज आली तर तो रंग लावायचाच नाही, लग्न उद्यावर असलं तरी.

बिघडलाच असेल तर

फार काळा झाला तर वरून उजळ कलर लावू नका, तो चढणार नाही. कोंड्याच्या शाम्पूनं चार-पाच वेळा धुतलं की थोडा उतरतो. नाहीच जमलं तर पार्लरमध्ये कलर रिमूव्हर. ब्लीच केलेले केस नारिंगी दिसत असतील तर निळा शाम्पू, पिवळे दिसत असतील तर जांभळा, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा. राखी रंगानं चेहरा उतरलेला दिसतोय? सगळं डोकं परत रंगवू नका. कपाळाशेजारच्या तीन-चार बटांना सोनेरी ब्राऊन दिला तरी फरक पडतो. घरात बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या तरी नळाच्या पाण्याचा घ्या, बोअरच्या पाण्यानं रंग लवकर निस्तेज होतो.

अजून मनाची तयारी होत नसेल तर मानेवरच्या आतल्या दोन बटा रंगवून घ्या. आठ दिवस त्या चेहऱ्याजवळ ओढून आरशात बघत राहा, उन्हात, सावलीत, घरातल्या दिव्याखाली. बाकी वेळ वेणीत लपतात.